मैदानाच्या आत आणि मैदानाबाहेर : बाळू पालवणकर

भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगताना बहुधा १९३२ सालापासून आरंभ केला जातो. त्या वर्षी जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ पहिल्या कसोटी सामन्यासाठी उतरला. परंतु त्याआधी सुमारे चाळीस वर्षे, पुण्याच्या लष्कर भागातील एका इंग्रजी क्लबाच्या मैदानावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रोज पहाटे रूळ फिरवीत असे, खेळपट्टीवर चुन्याच्या रेषा आखीत असे आणि जाळी बांधून साहेबांची वाट पाहत असे. महिन्याला चार रुपये पगार घेणारा हा मुलगा पुढे हिंदुस्थानातील पहिला थोर गोलंदाज ठरला. त्याचे नाव बाळू पालवणकर. इंग्रजी धावपत्रिकांत त्याची नोंद ‘पी. बाळू’ अशी होत असे.

त्यांच्या चरित्रात बळी आणि धावा पुष्कळ आहेत. तरीही ते चरित्र केवळ खेळाचे नाही. मैदानाच्या सीमारेषेच्या आत ज्याला कोणी अडवू शकत नव्हते, त्याला त्याच सीमारेषेबाहेर आपल्याच सहकाऱ्यांच्या पंगतीत बसता येत नव्हते. ही रेषा पुसण्यासाठी एका आयुष्याचे श्रम किती पुरे पडले आणि कोठे कमी पडले, याचा हा वृत्तान्त आहे.

बालपण आणि पहिली नोकरी

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील एका कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आलेले. वडिलांची चाकरी लष्कराशी निगडित असल्याने मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू हेच बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचे पहिले क्रीडासाहित्य. शाळेत फार काळ राहणे घरच्या परिस्थितीला परवडणारे नव्हते. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट मैदानावर बाळूंना पहिली नोकरी मिळाली. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिची निगा राखण्याचे, आणि पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी मिळे, तेवढाच खेळाशी संबंध.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात रुजू झाले आणि पगारात एका रुपयाची वाढ झाली. रूळ फिरवणे, जाळी उभारणे, गरज पडल्यास टेनिसची मैदाने आखणे ही कामे चालूच होती. एके दिवशी क्लबातील एका इंग्रज सभासदाने त्यांना सरावाच्या वेळी चेंडू टाकण्यास सांगितले. बाळू डावखुरे. त्यांची गती मंद, पण चेंडूवरील हुकमत विलक्षण होती. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, उंची व टप्पा बदलून फलंदाजाला पुढे ओढणे, एकाच पवित्र्यात निरनिराळ्या गतीचे चेंडू टाकणे, हे सारे त्यांनी कोणा गुरूकडून घेतले नाही. पुढ्यात उभ्या राहणाऱ्या फलंदाजाच्या पायांच्या हालचाली न्याहाळत ते स्वतःच शिकत गेले.

त्या क्लबातील सर्वांत नामांकित फलंदाज होते कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधी येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केले की दर वेळी ग्रेग त्यांच्या हातावर आठ आणे ठेवीत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील आण्यांचा हिशेब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खरी उरते. हिंदुस्थानातील उत्तम फलंदाजापुढे शेकडो तास गोलंदाजी करण्याची संधी त्या मुलाला मिळाली आणि तिचे त्याने सोने केले. मात्र त्या सर्व वर्षांत त्याच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा विलास आणि गोलंदाजी हे चाकरांचे कष्ट, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी केवळ हिंदुस्थानातील नव्हती. खुद्द इंग्लंडात पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक खेळाडू आणि हौसेने खेळणारे ‘जंटलमन’ यांच्यात सामाजिक भिंत होती. एकाच संघातील खेळाडू वेगळ्या खोल्यांत कपडे बदलीत आणि कित्येक मैदानांवर वेगळ्या दारांतून आत येत. तो भेद तेथे १९६२ साली औपचारिकरीत्या संपला. पुण्यात मात्र धंद्याच्या भिंतीवर जातीची आणखी एक भिंत चढलेली होती.

मातीचा पेला

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियन क्लबाला हरवण्याची ईर्षा होती. त्या क्लबाच्या फलंदाजांची नस न् नस ओळखणारा गोलंदाज पुण्यातच होता. पण तो चर्मकार होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर बराच खल झाला. अखेर जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि बाळू हिंदू संघातून खेळू लागले.

संघात घेतले म्हणजे सारे काही बदलले, असे मात्र घडले नाही. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. त्याला विटाळ लागत नसे. चहाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या पेल्यातून चहा दिला जाई. तो पेला नंतर फेकून देत. हातपाय धुवायचे असल्यास मैदानाच्या एका कोपऱ्यात त्यांच्याच समाजाचा एखादा नोकर पाणी घेऊन येई. जेवणाचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी. दुपारी त्यांनी मिळवलेल्या बळींमुळे ज्यांची मान उंचावे, तेच लोक संध्याकाळी त्यांच्यापासून चार हात दूर बसत.

बाळूंनी याविषयी मैदानावर कधी आकांडतांडव केले नाही. त्यांचे उत्तर गोलंदाजीतून येत राहिले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना पुण्यात बराच काळ चर्चेत होता. पाहुण्या संघातील या डावखुऱ्या गोलंदाजाची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी करून ठेवली होती. ज्याने वर्षानुवर्षे स्वतः रूळ फिरवला, त्याला खेळपट्टीची ही भाषा अपरिचित नव्हती. बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. परतल्यावर त्यांचा सार्वजनिक गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही निरनिराळ्या प्रसंगी बाळूंची वाखाणणी केली. समाजसुधारणेच्या प्रश्नावर हे दोन नेते परस्परांच्या विरोधात उभे राहत, हे ध्यानात घेतले म्हणजे या गौरवाचे मोल कळते.

मुंबई आणि १९०६

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या त्या दिवसांत, बाळूंनी पुणे सोडून मुंबई गाठली. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच उभा राहिला होता. तेथेही काही सभासदांनी त्यांच्या प्रवेशाला विरोध केला. संघाच्या कर्णधाराच्या आग्रहामुळे तो विरोध मागे पडला. उपजीविकेसाठी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. शिवरामही मुंबईस आले. पाठोपाठ गणपत आणि विठ्ठल हे धाकटे बंधूही क्रिकेटमध्ये नाव काढू लागले.

मुंबईत त्या काळी युरोपियन व पारशी यांचे सामने दरवर्षी होत. हिंदू संघाला त्या वर्तुळात स्थान नव्हते. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन प्रथमच समोरासमोर आले. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या व युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले आणि युरोपियनांपुढे २१२ धावांचे लक्ष्य आले. बाळूंच्या फिरकीपुढे त्यांचा डाव अवघ्या १०२ धावांत आटोपला. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले होते, आणि शिवरामही याच संघात होते.

वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला तो काळ. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवता येते, याचा आनंद मुंबईच्या रस्त्यांवर उसळला. पण त्या विजयाला दुसरीही एक बाजू होती. पुण्यात मंडपाबाहेर चहा घेणारे बाळू मुंबईच्या जिमखान्यात आता सहकाऱ्यांच्या पंगतीत जेवू लागले होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी साप्ताहिकाने नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आणि या दोन बंधूंना मिळालेला प्रवेश ही विजयाहूनही मोठी घटना मानली. जे काम परिषदांच्या ठरावांनी होत नव्हते, ते एका डावखुऱ्या हाताने काही अंशी करून दाखवले होते. पुढील वर्षी युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

विलायतेचा दौरा

दिल्लीकरांना १९११ हे साल दरबाराचे आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याच्या घोषणेचे म्हणून ठाऊक असते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा संयुक्त संघ प्रथमच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंह. दरबारी समारंभ आणि मेजवान्या यांमुळे महाराज पहिल्या काही सामन्यांनंतर संघापासून दूरच राहिले. गोलंदाजीचा भार मात्र पस्तीस वर्षांच्या बाळूंनी अखेरपर्यंत वाहिला.

संघाची एकूण कामगिरी यथातथाच होती. तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले आणि दोन अनिर्णित राहिले. अशा हरणाऱ्या संघात बाळूंनी ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी सामन्यात अकरा बळी घेऊन संघाला पहिला मोठा विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून मिळालेल्या विजयाचे शिल्पकार शिवराम होते. त्यांनी नाबाद ११३ धावा केल्या. ज्या घरातील मुले टाकून दिलेल्या बॅटींनी खेळायला शिकली, त्या घराने खेळाच्या मायदेशी जाऊन हे यश मिळवले.

मायदेशी परतल्यावर त्यांच्या समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनाही बाळूंच्या पराक्रमाचा मोठा अभिमान वाटत असे. दलित समाजाला सार्वजनिक जीवनात अभिमानाने ज्याचे नाव घ्यावे असा पहिला मोठा माणूस मिळाला होता, तो खेळाच्या मैदानावर.

न मिळालेले पद

यानंतर बाळू हिंदू संघाचे कर्णधार होतील, असे कोणालाही वाटले असते. ज्येष्ठता, अनुभव आणि खेळाची जाण या तिन्ही बाबतींत त्यांच्या तोडीचा खेळाडू संघात नव्हता. एक वेळ तर चारही पालवणकर बंधू हिंदू संघातून खेळत होते. तरीही कर्णधारपद दरवर्षी उच्चवर्णीय खेळाडूकडेच जाई. गोलंदाजीसाठी अस्पृश्याचा हात चालत होता, पण त्याच्या हुकमाखाली अकरा जणांनी उभे राहणे समाजाच्या गळी उतरत नव्हते. १९१३ साली कर्णधार म्हणून सत्कार स्वीकारताना एम. डी. पै यांनी, हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. ही गोष्ट पै यांच्या मनाच्या मोठेपणाची साक्ष देते. व्यवस्था मात्र बदलली नाही.

१९२० साली प्रश्न ऐरणीवर आला. चौरंगी स्पर्धेच्या तोंडावर पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. ज्येष्ठतेने कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे यावयास हवे होते. निवड समितीने ते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना दिले. देवधर गुणी खेळाडू होते, यात वाद नव्हता. वाद होता तो डावलण्यामागील कारणाचा. विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीर पत्रकाद्वारे लोकांपुढे मांडली. इतकी वर्षे गिळलेला अपमान प्रथमच शब्दांत उतरला. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाला आपल्या कार्यक्रमात स्थान दिले होते. लोकमत पालवणकर बंधूंच्या पाठीशी उभे राहिले. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, बंधू संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पारशांविरुद्धच्या त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढ्या वेळापुरते चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी संघाचे नेतृत्व केले.

तो त्यांच्या खेळाचा शेवटचा मोसम ठरला. तेहेतीस प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी आणि प्रत्येक बळीमागे सुमारे पंधरा धावा, अशी कारकीर्द मागे ठेवून ते निवृत्त झाले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवले. प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यांवर उचलून घेतले. थोरल्या भावाने पेरलेले धाकट्याच्या हाती पिकले.

अमेरिकेतील एक साम्य

साधारण याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, बॅट आणि चेंडूच्याच दुसऱ्या एका खेळात, असेच नाट्य घडत होते. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ साली टोलेडोच्या संघातून सर्वोच्च स्तरावर खेळले. त्यानंतर अलिखित संकेताने कृष्णवर्णीयांना मोठ्या संघांची दारे बंद झाली. १९२० साली, म्हणजे मुंबईत पालवणकर बंधू कर्णधारपदासाठी उभे राहिले त्याच वर्षी, कृष्णवर्णीय खेळाडूंनी रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने स्वतःची स्वतंत्र लीग उभारली. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या संघातून मैदानात उतरले, तेव्हा कुठे ती भिंत पडली. आज अमेरिकेतील प्रत्येक मोठ्या संघाने रॉबिन्सन यांचा ४२ हा क्रमांक त्यांच्या सन्मानार्थ राखून ठेवला आहे, आणि दरवर्षी १५ एप्रिलला त्यांचे स्मरण होते.

बाळूंना संघाची दारे रॉबिन्सन यांच्या आधी अर्धे शतक उघडली होती. परंतु दार उघडणे आणि घरात स्थान मिळणे यांत अंतर असते, हे दोन्ही देशांनी अनुभवले. स्मरणाच्या बाबतीत मात्र अमेरिकेने जी दक्षता घेतली, ती आपल्याकडे घेतली गेली नाही.

राजकारण आणि अखेर

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात ओढले गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर डॉ. आंबेडकर, एम. सी. राजा आदींबरोबर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. ज्या शहरात त्यांना मातीच्या पेल्यातून चहा मिळे, त्याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऐतिहासिक करारावर त्यांचे नाव आले.

१९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्या तरुणाने एके काळी बाळूंचा अभिमान बाळगला होता, तो आता साऱ्या दलित समाजाचा नेता होता. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते. गंतव्य मात्र एकच होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

त्यांचे बंधू विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या संशोधनामुळे बाळूंचे नाव पुन्हा प्रकाशात आले. तोवर मधली कित्येक दशके क्रिकेटवेड्या देशाला आपल्या पहिल्या थोर गोलंदाजाचा विसर पडला होता.

दिल्लीच्या टेकडीवरील हिंदूराव रुग्णालयात रोज शेकडो माणसे जातात. ते नाव बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे या मराठी सरदाराचे आहे. त्यांचा वाडा तेथे होता म्हणून त्यांचे नाव लोकांच्या जिभेवर राहिले. खेळपट्टीवर रूळ फिरवणाऱ्याचा वाडा नसतो. त्याचे नाव टिकवण्याचे काम पाठ्यपुस्तकांना, शिक्षकांना आणि पालकांना करावे लागते.

शाळेच्या मैदानावर आज मुले संघ पाडतात, तेव्हा कोण चांगला खेळतो एवढेच पाहतात. पाण्याच्या नळावर सर्व जण एकाच रांगेत उभे राहतात आणि कर्णधार कोणाचाही मुलगा किंवा मुलगी होऊ शकते. हे इतके स्वाभाविक वाटते की यासाठी कोणाला किंमत मोजावी लागली असेल, हे मुलांच्या मनातही येत नाही. ते स्वाभाविक वाटावे, यातच बाळूंचा विजय आहे. आणि ते कसे घडले हे मुलांना सांगणे, हे मोठ्यांवरील ऋण आहे.